संगणक-प्रणालीची निवड आणि मराठी लिपी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

महाराष्ट्रातील संगणक-निवडीचा इतिहास यंत्रापेक्षा लिपीभोवती अधिक फिरतो. १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. ‘जिस्ट’ कार्डामुळे डॉसवर देवनागरी उमटू लागली आणि १९९१ मध्ये ‘इस्की’ संकेतप्रणालीला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला.

विंडोजच्या प्रसारानंतर ही शिस्त मोडली. श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांचे फॉन्ट देखणे खरे; परंतु प्रत्येकाची संकेतरचना निराळी होती. वडगाव मावळच्या कचेरीत टंकलेला मजकूर लोणावळ्यातील घरी तोच फॉन्ट नसल्यास निरर्थक रोमन चिन्हांत दिसावा, अशी ती व्यवस्था होती. (काही सॉफ्टवेअरना तर संगणकाला जोडायचे ‘लॉक’ही लागे.) कचेरीतील सॉफ्टवेअर विंडोजवर चालणारे, म्हणून घरचा संगणकही विंडोजचाच. लिनक्स मोफत असूनही मराठी कारकून वा प्राध्यापकाला तो सहसा परवडत नसे, कारण किंमत पैशांत नव्हे, जुन्या फायलींत मोजावी लागे.

वस्तुतः यातून सुटण्याची वाट विंडोज २००० मधील देवनागरी युनिकोडने खुली केली होती. लिनक्सवरही ती लवकरच आली. तथापि २००१ मध्ये सुरू झालेल्या एमएस-सीआयटीने हजारोंचा हात विंडोज व ऑफिसवरच बसवला. २००७ मध्ये सी-डॅकने भारतीय भाषांसाठी ‘बॉस’ लिनक्स आणली, तेव्हा सवयी पक्क्या झाल्या होत्या. युनिकोडपूर्व फायली आजही मूळ फॉन्ट वा फॉन्ट-परिवर्तकाविना नव्या संगणकावर नीट वाचता येत नाहीत.