देजिमाची वखार आणि चाऱ्यातील वनस्पती : थनबर्गचे जपानमधील एक वर्ष

१/ इ.स. १७७५, ऑगस्ट महिना. नागासाकीच्या बंदरात डच ईस्ट इंडिया कंपनीचे जहाज नांगर टाकते. जहाजावरचा शल्यवैद्य डच म्हणून वावरतो आहे. प्रत्यक्षात तो स्वीडनचा आहे. कंपनीच्या नफ्यातोट्याशी त्याला फारसे देणेघेणे नाही. त्याला हव्या आहेत जपानच्या वनस्पती. आणि या देशात परकीयाला वखारीबाहेरचा पूल ओलांडण्याचीही मुभा नाही.

२/ त्याचे नाव कार्ल पीटर थनबर्ग. जन्म १७४३. वनस्पतींना दोन पदांची शास्त्रीय नावे देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या कार्ल लिनियसचा हा उप्साला येथील शिष्य. गुरूने आपले अनेक शिष्य जगाच्या कानाकोपऱ्यांत पाठवले होते; त्यांतले काही परत आलेच नाहीत. थनबर्गच्या वाट्याला आला त्या काळी युरोपीयांसाठी जवळजवळ बंद असलेला देश.

३/ ‘बंद जपान’ हा शब्दप्रयोग मात्र जपून वापरायला हवा. १६३५ नंतर जपानी माणसाला परदेशी जाण्यास मनाई झाली आणि १६३९ मध्ये पोर्तुगीजांना देशाबाहेर काढले गेले, हे खरे. पण चिनी व्यापारी नागासाकीत येत होते आणि त्सुशिमा बेटामार्फत कोरियाशीही संबंध होते. युरोपीयांपैकी फक्त डचांना प्रवेश उरला होता, कारण ते व्यापार करत आणि धर्मप्रचारापासून दूर राहत.

४/ ही डच कंपनी महाराष्ट्राला अपरिचित नाही. सतराव्या शतकात कोकणात वेंगुर्ल्याला हिचीच वखार होती. तिचे भग्नावशेष आजही उभे आहेत. पण वेंगुर्ल्याची वखार आणि नागासाकीची वखार यांत महदंतर होते. नागासाकीत डच व्यापारी हे एका अर्थी पगारी कैदीच होते.

५/ देजिमा हे समुद्रात भर घालून तयार केलेले पंख्याच्या आकाराचे बेट. ते मुळात पोर्तुगीजांना कोंडण्यासाठी १६३६ मध्ये पूर्ण झाले आणि १६४१ मध्ये तेथे डचांना आणून ठेवले गेले. लांबी सुमारे १२० मीटर, रुंदी सुमारे ७५ मीटर. क्षेत्रफळ जेमतेम सव्वादोन एकर. शहराशी जोडणारा एकच दगडी पूल आणि त्यावर अष्टौप्रहर पहारा. या जागेचे भाडेही डचांनाच भरावे लागे.

६/ थनबर्गने जपानला येण्याची तयारी कशी केली, हे पाहण्यासारखे आहे. ॲमस्टरडॅममधील काही धनिक बागशौकिनांना जपानी झाडे हवी होती. खर्चाची तजवीज त्यांनी केली. पण जपानमध्ये प्रवेश फक्त डचांना. म्हणून हा तरुण १७७२ ते १७७५ अशी तीन वर्षे आफ्रिकेच्या दक्षिण टोकावरील केप वसाहतीत राहिला. तेथे तो डच भाषा शिकला, आणि फावल्या वेळात त्या प्रदेशातील वनस्पतींचा प्रचंड संग्रह केला.

७/ नागासाकीला जहाज लागताच झडती सुरू झाली. बायबल आणि प्रार्थनेची पुस्तके एका पेटीत भरून पेटीला खिळे ठोकले गेले. ती जहाज परत निघेपर्यंत जपानी अधिकाऱ्यांच्या ताब्यात राहणार होती. दारूगोळा आणि शस्त्रेही जमा झाली. ख्रिस्ती धर्माचा कागदसुद्धा किनाऱ्यावर उतरता कामा नये, हा दंडक होता.

८/ झडतीच्या कडकपणालाही कारण होते. त्याआधी डच कप्तानांची झडती होत नसे. त्याचा फायदा घेऊन ते एक भलामोठा घोळदार रेशमी अंगरखा घालत आणि त्याच्या आत चोरटा माल भरून उतरत. ओझे इतके की दोन्ही बाजूंनी खलाशांनी आधार द्यावा लागे. थनबर्ग आला त्याच वर्षी ही सवलत बंद झाली. रोडावलेला कप्तान पाहून जपानी लोकांना बसलेला धक्का थनबर्गने मिस्कीलपणे नोंदवला आहे.

९/ आता खरा प्रश्न उभा राहिला. पलीकडे नागासाकीच्या हिरव्यागार टेकड्या दिसत होत्या आणि वनस्पतिशास्त्रज्ञ सव्वादोन एकरांत अडकला होता. त्याने शोधलेला मार्ग विलक्षण साधा होता. वखारीत शेळ्यामेंढ्या आणि गुरे पाळलेली होती. त्यांच्यासाठी नोकर बाहेरून ताजा चारा कापून आणत. थनबर्ग तो चारा गुरांपुढे पडण्याआधी उपसत बसे आणि त्यातून नवनवी रोपे वेगळी काढी.

१०/ दुसरा मार्ग दुभाष्यांचा. नागासाकीचे दुभाषे हे वंशपरंपरागत सरकारी नोकर. डच भाषा हाच त्यांचा पेशा. त्यांतले कित्येक वैद्यकीही करत. थनबर्ग त्यांना युरोपीय वैद्यक शिकवी. ते त्याला वनस्पती, नाणी आणि देशाची माहिती आणून देत. परकीयाला देशाची माहिती पुरवणे धोक्याचे होते. तरीही ही देवघेव चालू राहिली, कारण ज्ञानाची भूक दोन्ही बाजूंना होती.

११/ या दुभाष्यांत योशिओ कोग्यू हे मोठे नाव. उपदंश या रोगाने त्या काळी जपानमध्ये हाहाकार माजवला होता. पाऱ्याच्या क्षाराचे पाण्यातील द्रावण अत्यल्प मात्रेत देण्याचा उपचार थनबर्गने दुभाषा-वैद्यांना शिकवला. आजच्या दृष्टीने हे औषध विषारीच आहे. पण युरोपात तेव्हा याहून बरा उपाय कोणाजवळ नव्हता. योशिओने तो आत्मसात केला आणि थनबर्गचे नाव जपानी वैद्यांत पसरले.

१२/ एका वृद्ध दुभाष्याच्या घरी थनबर्गने एक जुना शब्दकोश पाहिला : लॅटिन, पोर्तुगीज आणि जपानी अशा तीन भाषांचा, जेझुइटांनी १५९५ मध्ये अमाकुसा येथे छापलेला. ज्या धर्माचे नावही घेण्यास बंदी होती, त्या धर्माच्या पाद्र्यांचा ग्रंथ एका घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवला होता. थनबर्गने तो विकत मागितला. कितीही किंमत दिली तरी मालक तो द्यायला तयार झाला नाही.

१३/ बेटाबाहेर वनस्पती गोळा करण्याची परवानगी मिळवणे, ही तर कागदी लढाईच होती. परवानगी मिळाली आणि लगेच रद्द झाली. कारण? पूर्वी ज्याला अशी मुभा दिली होती तो दुय्यम शल्यवैद्य होता. थनबर्ग मुख्य शल्यवैद्य. पूर्वदाखला लागू होत नाही! त्यावर थनबर्गची बाजू अशी मांडली गेली की मुख्य होण्यापूर्वी तोही दुय्यमच होता. अखेर फेब्रुवारी १७७६ मध्ये अडथळा दूर झाला.

१४/ परवानगीलाही शेपूट होते. त्याच्यासोबत दुभाषे, अधिकारी आणि नोकर यांचा लवाजमा निघे, आणि संध्याकाळी एखाद्या खाणावळीत त्या सगळ्यांच्या खाण्यापिण्याचा खर्च थनबर्गच्या खिशातून होई. चार रोपांसाठी मेजवानी घालावी लागणारा वनस्पतिशास्त्रज्ञ विरळाच.

१५/ मार्च १७७६ मध्ये त्याला खरी संधी मिळाली. देजिमाच्या मुख्याधिकाऱ्याने एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, जाऊन शोगुनला नजराणा द्यायचा, असा रिवाज होता. ४ मार्चला मुख्याधिकारी फेइथ, एक चिटणीस आणि वैद्य म्हणून थनबर्ग असे तीन युरोपीय निघाले. त्यांच्याभोवती सुमारे दोनशे जपानी माणसे होती. क्यूशू बेट पालखीतून, पुढे आतला समुद्र जहाजाने, मग ओसाका, क्योतो आणि तोकाइदो हा प्रसिद्ध राजमार्ग.

१६/ रस्त्यांची निगा, अंतर दाखवणाऱ्या खुणा, ठिकठिकाणच्या पथिकशाळा यांचे थनबर्गने मनापासून कौतुक केले. शेतीविषयी मात्र त्याचा सूर अर्धा कौतुकाचा, अर्धा तक्रारीचा होता. शेतकऱ्यांनी निंदणी इतकी काटेकोर केली होती की शेतात औषधालाही तण सापडेना. शेतकऱ्याचा अभिमान म्हणजे वनस्पतिशास्त्रज्ञाची निराशा!

१७/ हाकोनेच्या घाटात त्याने ही कसर भरून काढली. चढावर पालखीतून उतरून पायी चालण्याची सबब मिळाली. मग मार्गाच्या कडेने, उतारावर, झुडपांत शिरून तो रोपे खुडत सुटला आणि पहाऱ्यावरची माणसे धापा टाकत त्याच्यामागे धावत राहिली. एवढ्याशा वाटेवर त्याला जे मिळाले, ते त्याच्या जपानी संग्रहातील मोलाचे धन ठरले.

१८/ १८ मे १७७६ रोजी एदोच्या किल्ल्यात दहावा तोकुगावा शोगुन इएहारू याच्यापुढे डच मुख्याधिकाऱ्याने हजेरी दिली. आठवड्यांच्या प्रवासानंतरचा हा दरबार काही क्षणांत आटोपला. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट त्याआधीच घडू लागली होती, आणि ती दरबारात नव्हे, तर डचांच्या मुक्कामाच्या घरात.

१९/ तेथे दोन जपानी वैद्य वारंवार येऊन बसत. एक नाकागावा जुन’आन, वय तिशीच्या उत्तरार्धातले. दुसरा शोगुनच्या सेवेतील कात्सुरागावा होशू, अवघा पंचविशीचा. दोनच वर्षांपूर्वी, १७७४ मध्ये, सुगिता गेन्पाकू आणि माएनो र्‍योताकू यांच्या पुढाकाराने शरीररचनाशास्त्राच्या डच ग्रंथाचे ‘काइताइ शिन्शो’ हे भाषांतर प्रसिद्ध झाले होते. हे दोघेही त्या मंडळातले.

२०/ त्या भाषांतराच्या वेळी विचारायला जवळ कोणी नव्हते. एकेका शब्दाशी तासन्‌तास झुंजावे लागे. आता एक जिताजागता युरोपीय वैद्य समोर होता. दोघांना डच बऱ्यापैकी येत होते. ते वनस्पती घेऊन येत, तिचे जपानी आणि चिनी नाव सांगत. थनबर्ग लॅटिन आणि डच नाव सांगे. रात्री उशिरापर्यंत प्रश्न संपत नसत. निघताना थनबर्गने दोघांना त्यांच्या अध्ययनाचे डच भाषेतील प्रशस्तिपत्र लिहून दिले.

२१/ परतीच्या वाटेवर ओसाकात त्याने कुंड्यांतली रोपे विकत घेतली. जूनअखेर देजिमा. आणि १७७६ च्या अखेरीस, सुमारे पंधरा महिन्यांच्या मुक्कामानंतर, त्याने जपान सोडले ते कायमचे. जावा, श्रीलंका आणि युरोपातील शहरे करत १७७९ मध्ये तो स्वीडनला पोहोचला. ज्यांच्यासाठी ही सारी रोपे जपली, ते लिनियस जानेवारी १७७८ मध्येच निवर्तले होते.

२२/ १७८४ मध्ये थनबर्गचा ‘फ्लोरा जापोनिका’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी तो उप्साला येथे गुरूच्या अध्यासनावर प्राध्यापक झाला. लोकाट या फळझाडाचे पहिले शास्त्रीय वर्णन त्याचेच. आपल्याकडील रोपवाटिकांत मिळणारी ‘थनबर्जिया’ ही वेल त्याच्याच नावाने ओळखली जाते. त्याचा वनस्पतिसंग्रह आजही उप्साला विद्यापीठात आहे.

२३/ पण या यशाची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. ‘फ्लोरा जापोनिका’तील प्रत्येक रोप थनबर्गच्या हाताने खुडलेले नव्हते. चारा कापणारे नोकर, जोखीम पत्करणारे दुभाषे, नावे सांगणारे वैद्य यांच्याशिवाय तो ग्रंथ उभा राहिला नसता. शास्त्रीय नावापुढे लागणाऱ्या संक्षेपात मात्र एकट्या थनबर्गचेच नाव येते. प्रवासवर्णनांतून इतिहास वाचताना ‘हे त्याला कोणी दाखवले?’ हा प्रश्न म्हणूनच विचारत राहावा लागतो.

२४/ या कथेत त्या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर दडले आहे. थनबर्गने आपल्या प्रवासवर्णनात त्या दोन वैद्यांची नावे लिहिली होती. इकडे १७८३ मध्ये दाइकोकुया कोदायू नावाचा जपानी नाखवा वादळात भरकटून अल्यूशन बेटांवर जाऊन पडला. तेथून तो रशियात पोहोचला आणि सम्राज्ञी कॅथरीनची भेट घेऊन १७९२ मध्ये जपानला परतला.

२५/ १७९३ मध्ये शोगुनसमोर त्याची चौकशी झाली. ‘रशियात जपानविषयी काही ठाऊक आहे काय?’ या आशयाचा प्रश्न आला. कोदायू म्हणाला, त्यांना बरेच ठाऊक आहे. कात्सुरागावा होशू आणि नाकागावा जुन’आन ही नावेसुद्धा तेथे माहीत आहेत. ही नावे थनबर्गच्या लेखनातून तेथे पोहोचली, असे अभ्यासक मानतात.

२६/ त्या चौकशीची नोंद ठेवण्यासाठी लेखणी घेऊन बसलेला वैद्य होता स्वतः कात्सुरागावा होशू. नाकागावा तोवर हयात नव्हता. १७८६ मध्येच त्याचे निधन झाले होते. ज्याला देशाची सीमा ओलांडण्यास आजन्म मनाई होती, त्याने आपले नाव जग फिरून आल्याची वार्ता स्वतःच्या हाताने कागदावर उतरवली.

२७/ चक्र आणखी एकदा फिरले. १८२३ मध्ये देजिमाला आलेला फिलिप फ्रान्झ फॉन सिबोल्ड हा वैद्य ‘फ्लोरा जापोनिका’ची प्रत घेऊन आला होता. ती त्याने इतो केइसुके या तरुण जपानी अभ्यासकाला दिली. १८२९ मध्ये इतोने त्याआधारे ग्रंथ सिद्ध केला आणि लिनियसची पद्धत जपानी वाचकांपर्यंत पोहोचली. चाऱ्यातून निवडलेली रोपे त्रेपन्न वर्षांनी ग्रंथरूपाने घरी परतली.

२८/ देजिमावर सिबोल्डने उभारलेली, थनबर्ग आणि त्याच्या आधीचा प्रवासी केंफर यांची स्मारकशिळा आजही पाहता येते. समुद्र हटवून शहर पुढे सरकले, त्यामुळे ते बेट आता बेट राहिलेले नाही. पहारा होता त्या जागेवरून आज पर्यटक ये-जा करतात. पूल ओलांडायला आता कोणाची परवानगी लागत नाही.