वैमानिकापुढील सहा तबकड्या

विमान पाहावयास गेलेल्या मनुष्याची दृष्टी प्रथम पंखांकडे जाते, नंतर इंजिनाकडे वळते, आणि सर्वांत शेवटी, गेलीच तर, वैमानिकाच्या आसनापुढील त्या फळीकडे जाते, जीवर घड्याळासारख्या तबकड्या ओळीने बसविलेल्या असतात. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात ‘मेक इन इंडिया’ सप्ताह भरला, तेव्हा तेथे कॅप्टन अमोल यादव यांचे सहा आसनांचे विमान मांडलेले होते. ते कांदिवलीतील चारकोप येथे एका इमारतीच्या गच्चीवर बांधले गेले आणि क्रेनने खाली उतरविले गेले, याचेच पाहणाऱ्यांना नवल वाटले. आणि ते वाटावे हे साहजिकच होते. तथापि घरी विमान बांधणाऱ्याने उत्तर द्यावयाचा एक कठीण प्रश्न त्या फळीवर असतो. आकाशात गेल्यावर विमान कोणत्या स्थितीत आहे, हे वैमानिकाला कोण सांगणार, आणि सांगणारा चुकला तर ते कशावरून कळणार? या फळीला उपकरणफलक असे म्हणू. तिचा सव्वाशे वर्षांचा इतिहास म्हणजे या प्रश्नाच्या उत्तराचाच इतिहास होय.

१७ डिसेंबर १९०३ रोजी अमेरिकेत राईट बंधूंनी पहिले उड्डाण केले. त्यांच्या विमानावर फलक असा नव्हताच. परंतु तीन मापनयंत्रे होती : वाऱ्याचा वेग मोजणारे एक, वेळ मोजणारे घड्याळ एक आणि इंजिनाचे फेरे मोजणारे एक. ही यंत्रे वैमानिकाला वाट दाखविण्यासाठी नव्हती. झाले ते नोंदविण्यासाठी होती. त्या दिवशीचे पहिले उड्डाण १२ सेकंदांचे आणि १२० फुटांचे होते, असे आज निःशंकपणे सांगता येते, ते मोजमापाची ही शिस्त त्यांनी पहिल्या दिवसापासून पाळली म्हणूनच. पुढे २५ जुलै १९०९ रोजी फ्रान्सच्या ब्लेरिओने इंग्लिश खाडी ओलांडली, तेव्हा त्याच्याजवळ होकायंत्रदेखील नव्हते. डोळा, कान आणि आसनाखालून जाणवणारा धक्का, एवढ्यावरच त्या काळचा वैमानिक विसंबून असे.

स्वच्छ उजेडात हे चालून गेले. ढगात शिरल्यावर मात्र चालेना, आणि त्याचे कारण मनुष्याच्या शरीरातच आहे. आपल्या कानाच्या आतील भागात अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि त्यांत द्रव असतो. डोके वळले की तो द्रव मागे राहतो आणि आपण वळत आहो, असे मेंदूला कळते. परंतु वळण सारख्या गतीने काही काळ चालू राहिले, तर द्रवही त्याच गतीने फिरू लागतो आणि वळण्याची जाणीव नाहीशी होते. श्रावणातील मंगळागौरीला फुगडी घालणाऱ्या मुलींना याचा अनुभव असतोच : फुगडी थांबते, पण भोवतालचे घर फिरत राहते. घरात भिंत धरता येते. ढगात धरावयास काही नसते. क्षितिज दिसेनासे झाले, की वळणारे विमान सरळ चालले आहे असे वैमानिकास वाटते, आणि त्याने ते खरोखर सरळ केले तर ते उलट बाजूस कलले असा त्यास भास होतो. या भासाने किती तरी कुशल वैमानिकांचे प्राण घेतले.

यावर उपाय सापडला तो आपल्या मुलांच्या खेळण्यात, म्हणजे भोवऱ्यात. वेगाने फिरणारा भोवरा आपला आस सहसा सोडीत नाही. या गुणाचा उपयोग करून अमेरिकेच्या स्पेरी कारखान्याने कृत्रिम क्षितिज आणि दिशादर्शक भोवरा ही उपकरणे तयार केली. विमान कितीही कलले तरी तबकडीतील रेघ खऱ्या क्षितिजाला समांतर राहते. २४ सप्टेंबर १९२९ रोजी जेम्स डूलिटल याने आपल्या आसनावर झाकण ओढून, बाहेरचे काहीही न पाहता, केवळ उपकरणे आणि रेडिओचे संकेत यांच्या आधारे विमान वर नेले, फिरविले आणि खाली उतरविले. सारे मिळून सुमारे पंधरा मिनिटे लागली. पुढच्या आसनावर दुसरा वैमानिक सुरक्षेसाठी बसलेला होता. त्याने विमानाच्या दांडीस हात लावला नाही.

त्याच विमानात पॉल कोल्समन याने केलेले सूक्ष्म उंचीमापक यंत्र होते. त्याचे तत्त्व समजण्यासाठी नांदेड आणि लातूर यांचे उदाहरण पुरेसे आहे. उंचीमापक वस्तुतः उंची मोजीत नाही. तो हवेचा दाब मोजतो आणि त्यावरून उंची सांगतो. नांदेड गोदावरीच्या काठी सखल भागात आहे आणि लातूर बालाघाटच्या पठारावर आहे. दोन्ही ठिकाणच्या धावपट्ट्यांच्या उंचीत सुमारे अडीचशे मीटरांचे अंतर आहे. नांदेडच्या धावपट्टीवर काटा शून्यावर ठेवून निघालेला वैमानिक लातुरास पोहोचला, तर चाके जमिनीस लागली असतानाही काटा अडीचशे मीटर उंची दाखवील. रात्री किंवा धुक्यात हा फरक प्राणघातक ठरेल. म्हणून यंत्राला एक लहान खिडकी आणि एक फिरकी असते. तीत समुद्रसपाटीच्या हिशेबाने त्या वेळचा दाब लावला, म्हणजे काटा समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवितो, आणि नकाशातील धावपट्टीच्या उंचीशी ती ताडून पाहता येते. यंत्र खरे बोलते, पण त्याला प्रश्न बरोबर विचारावा लागतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या थोडे आधी ब्रिटिश हवाई दलाने सहा उपकरणांची मांडणी ठरवून दिली. वरच्या ओळीत वेगमापक, कृत्रिम क्षितिज आणि चढउतारमापक. खालच्या ओळीत उंचीमापक, दिशादर्शक आणि वळणदर्शक. मांडणी ठरविण्याचे कारण साधे होते. एका विमानातून दुसऱ्यात गेलेल्या वैमानिकाला वेग कोठे पाहावा आणि उंची कोठे पाहावी, हे शोधीत बसावे लागू नये. शिवाय क्षितिज मध्यभागी ठेविल्याने दृष्टी तेथून निघून प्रत्येक तबकडीला भेट देऊन पुन्हा मध्यावर येते. नाक खाली गेले असे क्षितिज म्हणत असेल, तर वेग वाढला पाहिजे, उंची घटली पाहिजे आणि चढउताराचा काटा खाली झुकला पाहिजे. चारांपैकी तीन एक सांगतात आणि चौथा निराळे सांगतो, तेव्हा तो चौथा खोटा ठरतो. न्यायालयात साक्षीदारांची उलटतपासणी व्हावी तसाच हा प्रकार आहे.

ही उलटतपासणी न झाल्यास काय होते, हे मुंबईने १ जानेवारी १९७८ रोजी पाहिले. एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ नावाचे जंबो विमान रात्री सांताक्रूझहून दुबईस निघाले आणि दोन मिनिटांच्या आतच वांद्र्यासमोरील समुद्रात कोसळले. त्यातील २१३ जणांपैकी कोणीही वाचले नाही. मुख्य वैमानिकापुढील कृत्रिम क्षितिज बिघडले होते. विमान सरळ झाले तरी ते उजवीकडे कललेले दाखवीत राहिले, आणि ते सावरण्याकरिता विमान डावीकडे कलविण्यात आले. काळ्या समुद्रावर क्षितिज दिसत नव्हते. सहवैमानिकापुढे दुसरे क्षितिज होते आणि मध्ये तिसरेही होते. परंतु त्यांची साक्ष वेळेत मानली गेली नाही.

कारखान्यात बनलेल्या विमानाचा फलक अनेक तज्ज्ञ मिळून ठरवितात. घरी विमान बांधणाऱ्यास तो एकट्यास ठरवावा लागतो. १९३० नंतरच्या दशकात फ्रान्सच्या आंरी मीन्ये याच्या छोट्या विमानाने युरोपातील हौशी कारागिरांना वेड लावले. परंतु रचनेतील दोषामुळे अपघात झाले आणि त्यावर बंदी आली. उत्साहाला तपासणीची जोड हवी, हा धडा त्यातून मिळाला. १९५३ साली अमेरिकेत पॉल पोबेरेझ्नी यांनी अशा कारागिरांची संघटना स्थापिली आणि पुढे या छंदास शिस्त आली.

अनुभवी कारागीर प्रथम पत्रा कापीत नाही. तो पुठ्ठ्याचा फलक करतो, त्यावर कागदाच्या तबकड्या चिकटवितो आणि आसनावर पट्टा बांधून बसतो. हात कोठवर पोहोचतो, दांडी पूर्ण ओढली असता कोणती तबकडी झाकली जाते, सूर्य मागे असता काचेवर चकाकी येते काय, हे तो पाहतो. नंतर डोळे मिटून प्रत्येक बटण चाचपडतो. इंधनाची तोटी आणि दुसरी एखादी तोटी हाताला सारखी लागत असेल, तर एकीचा आकार बदलतो. होकायंत्र लोखंडापासून आणि विजेच्या तारांपासून दूर ठेवितो. वेगमापकावर रंगांचे पट्टे असतात : पांढरा पट्टा पंखांच्या पडद्या उघडण्याचा, हिरवा नित्याचा, पिवळा सावधगिरीचा, आणि तांबडी रेघ कधीही न ओलांडण्याची. नव्या विमानात या रेघा कोठे काढावयाच्या हे चाचणीनेच ठरते. यास्तव मापक स्वतः खरा आहे की नाही, हे आधी तपासावे लागते.

कॅप्टन यादव यांचे आधीचे दोन प्रयत्न फसले होते. या विमानाची नोंदणी नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘व्हीटी-एनएमडी’ या अक्षरांनी झाली, उड्डाणाची अनुज्ञा ऑक्टोबर २०१९ मध्ये मिळाली आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवरून ते उडाले. प्रदर्शनापासून उड्डाणापर्यंत चार वर्षांहून अधिक काळ गेला. हा विलंब जिव्हारी लागणारा खरा. पण अशा चाचणीत विमान चांगले उडाले एवढे म्हणून भागत नाही. किती वेगास उचलले, किती वेगास थरथरले, तेल किती तापले, हे आकड्यांत सांगावे लागते, आणि ते आकडे त्या फळीवरूनच वाचावयाचे असतात.

एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून लहान विमानांतही काचेचे पडदे आले. फिरत्या भोवऱ्याच्या जागी नखाएवढे संवेदक आले, आणि सहाही तबकड्या, नकाशा व इंजिनाचे तापमान एकाच पडद्यावर दिसू लागले. वजन घटले, झिजणारे भाग गेले. जुन्या विमानाचा मालक साहजिकच फलक बदलू इच्छितो, आणि त्यात वावगे काही नाही. परंतु सहा साक्षीदार एकाच घरात राहावयास गेले, तर त्या घराची वीज जाताच सहाही मुके होतात. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचे रिओहून पॅरिसला निघालेले अत्याधुनिक विमान अटलांटिकमध्ये पडले आणि २२८ जण दगावले. आरंभ झाला तो वेग मोजणाऱ्या पिटो नळ्यांत बर्फ साचण्यापासून. तीनही नळ्या एकाच जातीच्या होत्या, एकाच ढगात होत्या आणि एकाच वेळी चुकल्या. बर्फ लौकरच वितळले. पण तोवर वैमानिकांचा गोंधळ उडाला होता आणि विमान सावरले गेले नाही.

म्हणून जाणता कारागीर नवा पडदा बसवितो, पण त्याच्या शेजारी एक साधा वेगमापक, एक उंचीमापक आणि होकायंत्र राहू देतो. पडद्याला निराळी बॅटरी देतो. जुन्या मापकाला वीज लागत नाही. त्यास हवेचा दाब पुरतो. तो फलकावर जुनाट दिसतो आणि पाहुणे त्याबद्दल विचारतात. त्याचे उत्तर वांद्र्याच्या समुद्रात आहे. लातूर-नांदेडकडील एखादा मुलगा उद्या घरी विमान बांधावयास बसला, तर पंख कसे करावेत हे त्यास पुस्तकांतून शिकता येईल. फलकापुढे बसल्यावर मात्र त्याने प्रत्येक तबकडीला एकच प्रश्न विचारावा : तू खोटे बोललीस, तर ते मला कोण सांगेल?