बुडालेला सागरतळ जातो कुठे?



चेन्नईच्या विमानतळाजवळ सेंट थॉमस माउंट ही टेकडी आहे. तमिळमध्ये तिला परंगीमलै म्हणतात. आम्हा फौजी माणसांना ती तिथल्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीमुळे ओळखीची. आजचा प्रश्न मात्र वेगळा आहे. समुद्राचा तळ पृथ्वीच्या पोटात बुडाला, की पुढे त्याचं काय होतं? या शोधाची एक वाट याच टेकडीपासून निघते.

10 एप्रिल 1802 रोजी विल्यम लॅम्बटन या ब्रिटिश सैन्याधिकाऱ्याने इथे पोलादी साखळीने जमीन मोजायला घेतली. सुमारे 12 किलोमीटरची आधाररेषा तयार झाली आणि तिच्यावर त्रिकोण रचत हिंदुस्थानची मोजणी पुढे सरकली. नकाशा तर हवाच होता, पण लॅम्बटनला पृथ्वीचा नेमका आकारही शोधायचा होता. याच कामावर असताना 1823 मध्ये तो आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे.

पुढे जॉर्ज एव्हरेस्टने मोजणी हिमालयाच्या दिशेने नेली, तेव्हा हिशेब जुळेना. दोन ठाण्यांमधलं अंतर जमिनीवरून एक येई, ताऱ्यांवरून दुसरं. फरक सुमारे 5 विकलांचा. कलकत्त्याचे धर्मोपदेशक जॉन प्रॅट यांनी 1855 मध्ये सांगितलं, की हिमालय ओळंब्याला स्वतःकडे ओढतो. पण त्यांच्याच गणिताने फरक 15 विकलांहून जास्त यायला हवा होता! त्याच वर्षी जॉर्ज एअरी यांनी उत्तर सुचवलं. पर्वताखाली खोलवर हलक्या खडकाचं मूळ आहे, म्हणून ओढ कमी. म्हणजे ओळंब्याला जमिनीखालचं वजनही कळतं. हे लक्षात ठेवा.

आता समुद्राकडे येऊ. भारत आणि आशिया यांच्यामध्ये एके काळी महासागर होता. 1893 मध्ये एडुआर्ड झ्यूस यांनी त्याला टेथिस नाव दिलं. भारत उत्तरेकडे सरकत गेला, तसा टेथिसचा तळ आशियाखाली बुडत गेला. सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी दोन्ही भूखंड भिडले.

मग तो तळ वितळून संपला का? नाही. खाली जाताना दाबामुळे त्यातलं पाणी बाहेर पडतं. ते वरच्या तप्त खडकात शिरलं, की तो खडक वितळतो आणि ज्वालामुखी तयार होतात. अंदमानचं बॅरन बेट हे आजही चालू असलेलं उदाहरण. उरलेल्या बेसॉल्टचा एक्लोजाइट हा जड खडक बनतो आणि तो मागच्या तळालाही खाली खेचतो. सुमारे 660 किलोमीटरवर काही तुकडे अडून आडवे पसरतात. काही आणखी खाली, 2900 किलोमीटरवरच्या गाभ्याच्या सीमेकडे जातात. तेही घन अवस्थेत, वर्षाला एखाद्या सेंटीमीटरच्या चालीने.

थंड खडकातून भूकंपलहरी जलद धावतात. त्यावरून 1999 मध्ये शास्त्रज्ञांनी टेथिसचे बुडालेले पट्टे दाखवून दिले. ते आता आहेत भारताच्याच खाली, हजार किलोमीटरहून खोल. ते तिथे बुडाले आणि आपला भूखंड त्यांच्यावरून पुढे आला.

आता ओळंबा आठवा. श्रीलंकेच्या दक्षिणेला गुरुत्वाकर्षण इतकं क्षीण आहे, की समुद्राची पातळी अपेक्षेपेक्षा 106 मीटर खाली आहे. 2023 मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी त्याचं कारण मांडलं. टेथिसच्या बुडालेल्या तळाने आफ्रिकेखालच्या तप्त खडकाला डिवचलं, त्यातला हलका भाग हिंदी महासागराखाली वर आला आणि तिथलं वस्तुमान घटलं. लॅम्बटनचा प्रश्न असा पृथ्वीच्या पोटापर्यंत पोहोचला.

ही गोष्ट फक्त कोट्यवधी वर्षांपूर्वीची नाही. सुमात्रा-अंदमानच्या रेषेवर हिंदी महासागराचा तळ आजही खाली जातो आहे. 26 डिसेंबर 2004 च्या सकाळी तिथे अडकलेला भाग एकदम सुटला आणि सुमारे अडीच तासांनी त्सुनामी चेन्नईच्या मरिना किनाऱ्यावर आली. लोक फिरायला, खेळायला आले होते. त्यांना सावध करणारी यंत्रणाच तेव्हा हिंदी महासागरात नव्हती. 2007 मध्ये हैदराबादला त्सुनामी इशारा केंद्र सुरू झालं. तळ बुडणं आपल्याला थांबवता येणार नाही. त्या अडीच तासांचा उपयोग मात्र करता येतो. तेव्हा किनाऱ्यावर राहणाऱ्यांनो, इशारा आला तर समुद्र बघायला जाऊ नका, उंच जागा गाठा.

जय हिंद.