मनाचा अभ्यास आणि हार्वर्डचें केंद्र



एखाद्या गृहस्थास बारा वस्तूंची यादी एकदांच वाचून दाखवावी आणि ती लगेच तोंडपाठ म्हणावयास सांगावी. बहुधा सहासात नांवें सांगून तो थांबतो. असें कां व्हावें, हा प्रश्न कोणासही सुचण्यासारखा आहे. परंतु विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अमेरिकेंतील विद्यापीठांत तो विचारणें वाटतें तितकें सोपें नव्हतें.

१९१३ सालीं जॉन वॉटसन यांनीं असें प्रतिपादिलें कीं, जें बाहेरून दिसतें व मोजतां येतें त्या वर्तनाचाच मानसशास्त्रानें विचार करावा. हा निव्वळ हट्ट नव्हता. कोणी आपल्या अंतरंगांत डोकावून जें सांगे, त्याचा पडताळा दुसऱ्यास घेतां येत नसे. हा जुन्या पद्धतीचा दोष खरा होता. पण दोष काढतांना मूळ विषयच हद्दपार झाला. विचार, हेतु, अर्थ हे शब्द उच्चारणारा अभ्यासक संशयास पात्र ठरूं लागला.

या बंधनास पहिले तडे प्रयोगशाळेंतच गेले. १९४७ सालीं हार्वर्ड विद्यापीठाचे जेरोम ब्रूनर यांनीं सेसिल गुडमन यांच्यासह एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. दहा वर्षांच्या मुलांनीं एक कळ फिरवून प्रकाशाचें वर्तुळ हातांतील नाण्याएवढें करावयाचें होतें. मुलांनीं नाणीं आहेत त्यापेक्षां मोठीं दाखविलीं. आणि गरीब घरच्या मुलांनीं श्रीमंत मुलांपेक्षां अधिक मोठीं दाखविलीं. पुढें हा प्रयोग करून पाहणाऱ्या सर्वांनाच तसें उत्तर मिळालें नाहीं. तथापि पाहणाराची गरज त्याच्या दृष्टींत शिरते काय, हा प्रश्न मात्र मोजमापाच्या कक्षेंत आला.

१९५६ सालीं त्याच विद्यापीठांतील जॉर्ज मिलर यांनीं आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. मनुष्य एका वेळीं सुमारें सातच गोष्टी ध्यानांत धरूं शकतो. मात्र सुट्या गोष्टींचे गट बांधल्यास त्याच मर्यादेंत पुष्कळ अधिक मावतें, असें त्यांनीं दाखविलें. त्याच वर्षीं ११ सप्टेंबर रोजीं मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यालयांत एक सभा भरली. न्यूएल व सायमन यांनीं तर्कशास्त्रांतील सिद्धान्त सिद्ध करणाऱ्या गणकयंत्राची हकीकत सांगितली. नोम चॉम्स्की यांनीं भाषेच्या रचनेचे नियम मांडले. निरनिराळ्या शास्त्रांचे हे लोक एकाच वस्तूचा शोध घेत आहेत, हें मिलर यांच्या मनांत त्या दिवशीं ठसलें.

परंतु विद्यापीठांत त्यांना एकत्र बसावयास जागा नव्हती. हार्वर्डमध्येंच १९४६ पासून मानसशास्त्राचे दोन विभाग झाले होते; मिलर एकांत, ब्रूनर दुसऱ्यांत. म्हणून दोघे अधिष्ठाते मॅकजॉर्ज बंडी यांच्याकडे गेले. कार्नेगी संस्थेनें द्रव्यसाहाय्य दिलें आणि १९६० सालीं बोधनाच्या अभ्यासाचें केंद्र सुरू झालें. जाणणें, स्मरणें, विचार करणें यांस मिळून येथें बोधन म्हटलें आहे. हें नांव घेणें हाच त्या काळीं एक निषेध होता, असें मिलर यांनीं पुढें सांगितलें.

केंद्र म्हणजे परीक्षा घेणारा नवा विभाग नव्हे. उच्च अभ्यास करणारे विद्यार्थी आपापल्या विभागांतून येत. पाहुणे पंडित वर्षवर्ष राहत. चॉम्स्की तेथें राहिले, तत्त्वज्ञ नेल्सन गुडमन राहिले, जिनिव्हाहून पियाजे यांच्या सहकारी बेर्बेल इनहेल्डर आल्या. भाषाशास्त्रज्ञानें बालमानस जाणणाऱ्यास प्रश्न विचारावा आणि त्याचें उत्तर प्रयोगानें शोधावें, हेंच तेथील शिक्षण.

दुर्दैव असें कीं, जें स्वातंत्र्य केंद्राचें बळ होतें तेंच त्याचें दौर्बल्य ठरलें. त्याचा आधार दोन व्यक्ति होत्या. मिलर हार्वर्ड सोडून न्यूयॉर्कला गेले, १९७२ सालीं ब्रूनर ऑक्सफर्डला गेले, आणि केंद्र मिटलें. बी मात्र मिटलें नाहीं. १९७९ सालीं या शास्त्राची परिषद् स्थापन झाली. १९८६ सालीं कॅलिफोर्नियांत सॅन डिएगो येथें त्याचा स्वतंत्र विभाग निघाला. आणि २००२ सालीं आपल्याकडे अलाहाबाद विद्यापीठांतही वर्तन व बोधन यांच्या अभ्यासाचें केंद्र उभें राहिलें. त्याच्या नांवांत वर्तन आणि बोधन हे एके काळचे प्रतिपक्षी शेजारीं शेजारीं बसले आहेत, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

विद्येच्या इमारतींत भिंती लागतातच. त्यांवांचून छप्पर टिकत नाहीं. पण भिंतींत दारें ठेवण्याचें काम कोणीतरी करावें लागतें. हार्वर्डच्या त्या केंद्रानें बारा वर्षें तें काम केलें.