सोवळ्यापासून तापमापकापर्यंत

१९२४ साली बंगळूरमध्ये उडुपीकडच्या मैय्या बंधूंनी एक छोटेसे उपाहारगृह काढले आणि त्याचे नाव 'ब्राह्मण कॉफी क्लब' असे ठेवले. आज हे नाव कानाला खटकते. त्या काळी ते स्वच्छतेचे प्रमाणपत्र होते. चुलीपुढे कोणत्या जातीचा माणूस उभा आहे, एवढे ती पाटी गिऱ्हाइकाला सांगत असे. पाणी कोठून येते, ताटे पुसायचे फडके शेवटचे केव्हा उकळले, सकाळचा भात किती वेळ झाकून ठेवला आहे, यांपैकी काहीच ती सांगत नसे आणि गिऱ्हाईकही विचारत नसे. बंगळूरच कशाला, त्या काळी देशभरच्या रेल्वे स्थानकांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' अशी वेगवेगळी भांडी होती. दोन्हींतले पाणी बहुधा एकाच विहिरीतून आलेले असे.

सोवळ्याओवळ्याच्या नियमांत आरोग्याचे काहीच नव्हते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. शिळे खाऊ नये, उष्टे वाढू नये, स्नान करूनच चुलीपाशी जावे, हे नियम जिवाणूशास्त्राच्या कसोटीलाही उतरतात. पण जो आचार उष्ट्या हाताचा विटाळ मानी, तोच आचार गावाच्या तलावातले पाणी निःशंकपणे शुद्ध मानी. ते शुद्ध नाही, याचा शास्त्रीय पुरावा कोलकात्यात मिळाला.

पटकीचा माग काढीत रॉबर्ट कॉख इजिप्तहून कोलकात्याला आला. १८८४ च्या आरंभी त्याने स्वल्पविरामाच्या आकाराच्या त्या जिवाणूची शुद्ध वाढ मिळवली आणि पुढे तोच जिवाणू शहरातल्या एका तलावाच्या पाण्यातही त्याला सापडला. त्या तलावाच्या काठची माणसे पटकीने मरत होती आणि पहिल्या रुग्णाचे कपडे तिथेच धुतले गेले होते. हिंदुस्थान सरकारच्या आरोग्य खात्यातील वरिष्ठांना मात्र हे पटवून घ्यायचे नव्हते. पटकी पाण्यातून पसरते असे मानले, तर जहाजे अडवून ठेवावी लागली असती आणि व्यापाराला ते परवडणारे नव्हते. तरीही पुरावे साचत गेले. १८८७ मध्ये कोलकाता बंदरातील 'आर्डेनक्लूथा' या जहाजावर पटकी उद्भवली, तेव्हा शहराचे आरोग्याधिकारी सिम्प्सन यांनी तिचा माग दुधापर्यंत नेला. दूधवाल्याने त्यात तलावाचे पाणी घातले होते. आजाराचा माग असा एका विक्रेत्याच्या भांड्यापर्यंत पोचला, ही उपाहारगृहांच्या इतिहासाच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे.

जिवाणू सापडला, पण तो माणसाला मारतो कसा, हे पुढची सत्तर-पंचाहत्तर वर्षे कळले नाही. शास्त्रज्ञ विष शोधत होते रक्तात. शंभुनाथ डे यांनी ते आतड्यात शोधले. हुगळी जिल्ह्यातल्या एका खेड्यात १९१५ साली जन्मलेल्या आणि लंडनहून डॉक्टरेट घेऊन परतलेल्या या विकृतिशास्त्रज्ञाने सशाच्या आतड्याचा छोटा भाग दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधला आणि त्या बंद फुग्यात पटकीचे जिवाणू सोडले. फुगा पाण्याने भरून टंच झाला. हा प्रयोग १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. १९५९ मध्ये त्यांनी जिवाणू गाळून टाकले आणि नुसता गाळलेला द्राव आत सोडला. फुगा तरीही भरला. म्हणजे जिवाणू बाहेर टाकत असलेले विष हाच खरा मारेकरी होता. 'नेचर'मधला तो लेख आज पटकीच्या अभ्यासातला मैलाचा दगड मानला जातो. नोबेलविजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी डे यांचे नाव नोबेलसाठी सुचवले होते. मायदेशात मात्र १९८५ साली ते वारले, तोवर त्यांच्या वाट्याला फारसा सन्मान आला नव्हता.

हॉटेलांच्या दृष्टीने पाहिले, तर डे यांचा १९५६ चा कमी गाजलेला लेख अधिक महत्त्वाचा ठरतो. जुलाबाच्या रुग्णांकडून मिळवलेल्या ई. कोलाय जिवाणूंवर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रयोग केला आणि काही वाणांनी आतडे तसेच फुगवले. ई. कोलाय हा तर प्रत्येकाच्या पोटातला निरुपद्रवी रहिवासी समजला जाई. त्याच्या काही जाती विष सोडतात, हे जगाने मान्य करायला आणखी दशकभर गेले. परक्या गावी हॉटेलात जेवल्यावर प्रवाशाला जे जुलाब गाठतात, त्यांचे सर्वांत नेहमीचे जिवाणूजन्य कारण आज या विषारी ई. कोलायमध्येच सापडते. हा जिवाणू विष्ठेतून हातावर आणि हातावरून चटणीत जातो. चटणी वाटणाऱ्याची जात त्याला ठाऊक नसते. आणि मिलिलिटरमागे लाखभर जिवाणू असले, तरी पेल्यातले पाणी डोळ्यांना नितळच दिसते.

डे कोलकात्यात या प्रयोगांकडे वळत होते, त्याच सुमारास बंगळूरच्या त्या कॉफी क्लबाची दिशा बदलत होती. १९५१ साली यज्ञनारायण मैय्या युरोपातील उपाहारगृहे पाहायला गेले. तिथली शिस्त आणि टापटीप पाहून ते परतले आणि त्यांनी ताट-वाट्या वाफेने निर्जंतुक करण्याची पद्धत बंगळूरमध्ये आणली. स्वच्छतेवर पुस्तिकाही लिहिल्या. १९६० मध्ये उपाहारगृह लालबाग रस्त्यावर आले आणि त्याचे नाव 'मावळ्ळी टिफिन रूम्स' झाले. नावातून ब्राह्मण गेला आणि स्वयंपाकघरात वाफ आली. सगळीकडे हा बदल इतक्या शांतपणे झाला नाही. १९५० च्या संविधानाने पंधराव्या अनुच्छेदात सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले सर्वांना खुली केली, तरी पाट्या राहिल्याच. १९५७ मध्ये चेन्नईच्या मुरलीज कॅफेवरील 'ब्राह्मण' हा शब्द काढावा म्हणून पेरियार यांच्या अनुयायांना आंदोलन करावे लागले, तेव्हा कुठे मालकाने नाव बदलले.

वाफच का, याचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे. शंभर अंशांवरचे एक ग्रॅम पाणी साठ अंशांपर्यंत निवताना भांड्याला सुमारे १६७ ज्यूल उष्णता देते. तेवढीच वाफ भांड्यावर पाणी होऊन बसताना सुमारे २,२६० ज्यूल देते, म्हणजे तेरापटींहून अधिक. शिवाय ती वाटीच्या कडेखाली, चमच्याच्या खाचेत, जिथे फडके पोचत नाही तिथेही पोचते. उघड्या वाफेने जिवाणूंचे चिवट बीजाणू मरत नाहीत हे खरे. पण जुलाब, विषमज्वर आणि पटकी देणारे जिवाणू बीजाणू करत नाहीत, ते मरतात.

बीजाणूंचा प्रश्न भातात येतो. बॅसिलस सेरियस नावाचा मातीतला जिवाणू तांदळाबरोबर येतो. भात शिजला तरी त्याचे बीजाणू टिकतात आणि भात कोमट राहिला की रुजतात. १९७० च्या दशकात ब्रिटनमधील चिनी उपाहारगृहांत परतलेल्या भाताने लोक आजारी पडू लागले, तेव्हा हे लक्षात आले. रात्रीचा भात बाहेर ठेवून दुसऱ्या दिवशी परतला जाई. परतल्याने जिवाणू मरत, पण त्यांनी करून ठेवलेले विष उष्णतेलाही दाद देत नसे. त्या मानाने इडली भाग्यवान. पीठ आंबून आम्ल होते, मग ती वाफेवर शिजते आणि बहुधा वाफाळतीच पानात पडते.

इथेच घर आणि हॉटेल यांतला फरक स्पष्ट होतो. 'आमच्या घरी असेच करतात, कोणाला काही होत नाही' हे वाक्य हॉटेलच्या मुदपाकखान्यात वारंवार ऐकू येते, आणि ते फसवे आहे. घट्ट अन्न निवायला लागणारा वेळ थराच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. खिचडीचा पाच सेंटिमीटरचा थर दोन्ही बाजूंनी निवायला ढोबळमानाने सव्वा तास लागत असेल, तर दहा सेंटिमीटरच्या थराला पाच तास लागतात. घरच्या पातेल्याला चालते ते शंभर पानांच्या टोपाला चालत नाही. टोपाच्या मधोमध अन्न तासन् तास कोमट राहते. अनुकूल तापमानात ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. या वेगाने एका जिवाणूचे सहा तासांत अडीच लाखांहून अधिक होतात. अनुभवी आचाऱ्याचे नाकही हे ओळखू शकत नाही, कारण रोग देणारे जिवाणू बहुधा अन्नाला वास आणत नाहीत.

कायद्याला ही गोष्ट उशिरा उमजली. १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा मुख्यतः मिसळलेल्या वस्तूंच्या मागे होता: दुधात पाणी, मिरचीत विटेची भुकटी, तुपात वनस्पती. अस्वच्छ जागी केलेले अन्नही त्याच्या व्याख्येत होते, पण कारवाईचा सारा भर नमुना उचलून प्रयोगशाळेत पाठवण्यावर. अहवाल येईपर्यंत ते अन्न कधीच पचलेले असे, किंवा पचलेले नसे. नमुन्याची ही मर्यादा अमेरिकेत वेगळ्याच ठिकाणी उघडी पडली. १९५९ पासून पिल्सबरी ही कंपनी नासाच्या अंतराळवीरांसाठी अन्न तयार करू लागली. अंतराळात कोणाला जुलाब होऊन चालणार नव्हते. अन्न सुरक्षित असल्याची खात्री करायची, तर तयार मालातला मोठा वाटा तपासणीतच संपून जाई. तेव्हा त्यांनी पदार्थाऐवजी प्रक्रिया तपासायचे ठरवले: धोका नेमका कोणत्या पायरीवर शिरतो ते शोधायचे आणि त्या पायरीचे तापमान व वेळ नोंदवायची. ही पद्धत पुढे जगभरच्या अन्न-मानकांचा कणा झाली.

भारतात हा विचार २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याने आणि २०११ मध्ये लागू झालेल्या नियमांनी आणला. गरम वाढायचे शिजवलेले अन्न किमान ६० अंशांवर आणि थंड वाढायचे ५ अंशांच्या खाली ठेवावे, असे ते नियम सांगतात. जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलालाही आकडा लागला: त्यातील ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांच्या वर गेली की तेल बाद. ती मोजणारे हातातले उपकरण तेलाचा परावैद्युत स्थिरांक पाहते. पदवीच्या प्रयोगशाळेत धारित्राशी खेळताना कोणाला भजी आठवत नसतील, पण तत्त्व तेच आहे.

तरीही हॉटेलची पाहणी अजून बहुतेकदा डोळ्यांनीच होते. चकचकीत फरशी, टोप्या, हातमोजे. ते हातमोजे दिवसभर तेच असतात आणि पैसेही त्यांनीच घेतले जातात. चार-पाचशे रुपयांत मिळणारा अन्नात खुपसायचा तापमापक मात्र फार थोड्या मुदपाकखान्यांत दिसतो. स्वच्छतेला खर्च असतो हेही खरे. आणीबाणीच्या काळात खाद्यपदार्थांचे दर सक्तीने खाली आणले गेले, तेव्हा मावळ्ळीच्या त्या उपाहारगृहाला त्या दरात आपला दर्जा टिकवणे अवघड झाले आणि ते तयार पिठांच्या धंद्याकडे वळले.

खर्चाचा सर्वांत अवघड भाग माणसाचा आहे. नियमांप्रमाणे अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी लागते आणि आतड्याच्या ज्वरांविरुद्ध लस टोचावी लागते. विषमज्वराचे जिवाणू बऱ्या झालेल्या माणसाच्या पित्ताशयात वर्षानुवर्षे राहू शकतात आणि ते अधूनमधूनच बाहेर पडतात. वर्षातली एक तपासणी त्यांना सहज चुकवू शकते. आजारी किंवा उघडी जखम असलेल्या व्यक्तीने अन्न हाताळू नये, असेही त्याच नियमांत स्पष्ट लिहिले आहे. जुलाब लागले म्हणून घरी थांबलेल्या रोजंदारीवरच्या भांडीवाल्या पोऱ्याचा त्या दिवसाचा पगार कोणी द्यायचा, याविषयी त्यांत एक शब्दही नाही.