मुंबईचा एक कौल व एक नकार

परागंदा होऊन आलेल्या लोकांस एखाद्या नगरानें कसें वागविलें, याचें परीक्षण करावयाचें म्हटलें म्हणजे संशोधकाच्या हातीं प्रथम येतात ते कौलनामे. असले कागद सहसा जपून ठेविलेले असतात; कारण देणारास त्यांत भूषण वाटतें व घेणारास आधार वाटतो. परंतु कौल हा वचनाचा पुरावा होय, पालनाचा नव्हे. न मिळालेलें मिळणें तो योग व मिळालेलें राखलें जाणें तो क्षेम, अशी ‘योगक्षेम’ शब्दाची फोड आपले टीकाकार करितात. आश्रयाच्या धोरणासही हीच कसोटी लावावी, असें आम्हांस वाटतें. इंग्रजी अमलाच्या आरंभींच्या मुंबईस ती लावून पाहूं.

इ. स. १६६१ च्या विवाहतहान्वयें मुंबई इंग्लंडच्या राजास मिळाली व १६६८ सालीं त्यानें ती वार्षिक १० पौंड खंडावर ईस्ट इंडिया कंपनीस दिली. १६६९ पासून १६७७ पर्यंत सुरतेचा प्रेसिडेंट व मुंबईचा गव्हर्नर असलेल्या जेराल्ड ऑंजिअर यानें या बेटाची वस्ती वाढविण्याचें मनावर घेतलें. १६७२ सालीं त्यानें न्यायकचेरी उघडली. निरनिराळ्या ज्ञातींनीं आपापसांतील तंटे आपल्याच पंचांकडून तोडून घ्यावेत, अशीही व्यवस्था केली. शेजारच्या पोर्तुगीज मुलखांत परधर्मीयांचे उत्सव व विवाहविधि यांस बंदी होती आणि पोरक्या मुलांस बाटविलें जाई. त्या मुलखांतील लोकांस मुंबईची ही राहणी अभयासारखी वाटली असल्यास नवल नाहीं.

या धोरणाचा नमुना म्हणून दीव बंदराचा वाणी व्यापारी नीमा पारख याच्याशीं १६७७ सालीं झालेला करार नेहमीं दाखविला जातो. घर व वखार बांधण्यास बिनभाड्याची जागा मिळावी; आपल्या घरांत धर्माचार निर्वेध चालावा; वाड्याच्या आंत कोणी परधर्मीयानें राहूं नये व जीवहत्या करूं नये; प्रेतदहन व लग्नविधि यांस हरकत नसावी; कोणास बळानें ख्रिस्ती करूं नये, कीं इच्छेविरुद्ध ओझें वाहावयास लावूं नये; चौकीपहाऱ्याची माफी असावी; आगाऊ सूचना दिल्यावांचून अटक होऊं नये; आणि युद्धप्रसंगीं माल, द्रव्य व कुटुंब यांकरितां किल्ल्यांत जागा मिळावी, अशीं त्यांतील मुख्य कलमें आहेत. एकट्या पुरुषाचा नव्हे, तर त्याच्या बायकामुलांचाही विचार करणारा हा कागद मोलाचा आहे, यांत शंका नाहीं.

शाळेंत शिकवीत असतां आम्ही मुलांस हा कौल मोठ्या कौतुकानें सांगत असूं व तेथेंच थांबत असूं. त्याच्या आठ वर्षें आधींची हकीकत आम्हीं कधीं सांगितली नाहीं. त्या चुकीची भरपाई आज करितों.

इ. स. १६६९ च्या सप्टेंबरांत सुरतेच्या काजीच्या जुलमास त्रासून तेथील वाण्यांचे प्रतिनिधि ऑंजिअरकडे आले व मुंबईस आश्रय मागूं लागले. त्यानें त्यांस तूर्त अमदाबादेस जाऊन तेथून बादशहाकडे दाद मागण्याचा सल्ला दिला. सुमारें ८,००० पुरुष बायकामुलांस आप्तांच्या स्वाधीन करून भडोचेस निघून गेले व बादशाही अभय मिळाल्यावर वर्षअखेरीस परतले. म्हणजे ज्या दिवशीं आश्रयाची खरी निकड होती, त्या दिवशीं दार बंद राहिलें. न्यायानें हेंही सांगितलें पाहिजे कीं, कंपनीची वखार सुरतेंत मोंगलांच्या हातांखालीं होती आणि मुंबई ताब्यांत येऊन पुरतें दीड वर्षही झालें नव्हतें. नकाराचें कारण समजतें. पण कारण समजलें म्हणून नकार हिशेबांतून वगळतां येत नाहीं.

आतां करार पुन्हा वाचला म्हणजे त्याचा दुसरा अर्थ दिसूं लागतो. जेथें माफी मागावी लागते तेथें सक्ती असते, हें कागद वाचणारास सांगावयास नको. ओझ्याची व चौकीची माफी धनवान् व्यापाऱ्यास लेखी मिळाली. ज्याच्यापाशीं देण्यासारखें कांहीं नव्हतें, त्यास असा कागद कोण लिहून देणार? शिवाय वाड्याभोंवतीं जें संरक्षणाचें कुंपण घातलें, तेंच शेजाऱ्यांपासून वेगळें ठेवणारेंही झालें. निर्भयपणें राहणें व मिसळून राहणें या दोन गोष्टी आहेत. कौलानें पहिलीची हमी दिली, दुसरीची नाहीं.

आंकडेही हेंच सांगतात. पोर्तुगीज काळीं १०,००० असलेली वस्ती ६०,००० झाल्याचें त्याच काळीं येऊन गेलेला डॉक्टर फ्रायर लिहितो. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत पाद्री कॉब ती १६,००० धरितो. दोन्ही अंदाजच होत. तथापि रोगराई, १६८३-८४ चें केग्विनचें बंड व १६८९-९० ची सिद्दीची स्वारी यांनीं शहर खिळखिळें झालें, हें निर्विवाद आहे. योग साधला, क्षेम डळमळला.

म्हणून आमचा निष्कर्ष असा कीं, नगराच्या आश्रयधोरणाची किंमत कोण आले यावरून करूं नये. कोणास परत पाठविलें, कोण टिकले व दुबळ्याच्या वांट्यास काय आलें, यांवरून करावी. आजच्या नगरांसही हाच न्याय लागू आहे.

वरील दोन्ही हकीकती इंग्रजांच्या लेखणीच्या आहेत. आश्रय मागणारांचा शब्द त्यांच्या वह्यांत, चोपड्यांत व घरगुती पत्रांतच सांपडावयाचा. संग्राहकांनीं कौलनाम्यांबरोबर असले कागदही रद्दींत जाऊं देऊं नयेत, एवढीच आमची विनंती आहे.