धुतलेलं यकृत आणि आतला परिसर

मागच्या व्याख्यानात आपण देकार्तच्या यंत्ररूपी शरीरापाशी थांबलो होतो. आज दोनशे वर्षं पुढे, पॅरिसला जाऊ.

तेव्हाच्या बड्या रसायनशास्त्रज्ञांचं मत असं, की साखर तयार करावी ती वनस्पतींनी; प्राण्यांनी ती फक्त खायची आणि जाळायची. क्लोद बर्नारनं कुत्र्यांना केवळ मांसावर ठेवलं. तरी यकृतातून निघणाऱ्या रक्तात साखर सापडलीच. मग 1855 मध्ये त्यानं नुकत्याच मारलेल्या कुत्र्याचं यकृत काढून, त्याच्या रक्तवाहिन्यांतून पाणी सोडून, साखरेचा मागमूस उरणार नाही इतकं धुतलं आणि तसंच ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर त्यात पुन्हा भरपूर साखर! म्हणजे साठा आतच होता. 1857 मध्ये त्यानं तो वेगळा काढला: ग्लायकोजेन.

या ज्ञानाची किंमत कुत्र्यांनी मोजली, हेही सांगायला हवं. बर्नारची पत्नी अशा प्रयोगांच्या विरोधात गेली. पुढे दोघं विभक्त झाले.

हा शोध सहसा मधुमेहाच्या प्रकरणात घालतात. मला विचाराल तर तो तत्त्वज्ञानाच्या प्रकरणात हवा. आपण उपाशी असलो तरी पेशी लगेच उपाशी पडत नाहीत, कारण त्या बाहेरच्या जगात राहतच नाहीत. त्या राहतात रक्ताच्या आणि रसांच्या आतल्या परिसरात. थंडीत बेडूक गारठतो, मंदावतो. आपण 37 अंशांवर कामाला लागतो. आतला परिसर स्थिर, म्हणून प्राणी बाहेर मोकळा, असं बर्नारचं म्हणणं. आणि हा माणूस कट्टर नियतिवादी, बरं का! चैतन्यशक्ती वगैरे त्याला मान्य नाही. नियमातून सुटका म्हणजे स्वातंत्र्य, असं आपण धरून चालतो. इथे ते नियमाच्या काटेकोर पालनातून येतं.

प्रश्नोत्तरांत कुणीतरी चरकाचं धातुसाम्य काढणारच, म्हणून आधीच बोलतो. साम्य म्हणजे आरोग्य, ही कल्पना तिथे आहे आणि मोलाची आहे. पण बर्नारचा प्रश्न वेगळा: हे साम्य कोणता अवयव राखतो, कशाच्या जोरावर, आणि ते टेबलावर दाखवता येईल का?

या साऱ्याला नाव मिळालं फार उशिरा. 1926 मध्ये हार्वर्डच्या वॉल्टर कॅननं ‘होमिओस्टॅसिस’ हा शब्द घडवला. त्यातला ग्रीक ‘होमिओ’ म्हणजे ‘सारखं’, ‘तेच’ नव्हे. निवड मुद्दाम केलेली, कारण जेवणानंतर रक्तातली साखर चढते, मग उतरते. ती एका जागी खिळलेली नसतेच. 1932 च्या पुस्तकात, ऐन महामंदीत, कॅनन हीच कल्पना समाजाला लावून बघतो. समाजाला यकृत असतं का, ते पुढच्या वेळी पाहू.